कंपनीची नोंदणी कुठे, दावा कुठे

कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती. तिला रक्तमांसाचे शरीर नसल्याने ती ‘राहते’ कुठे, हे ठरवायला कायद्याला काहीतरी खूण लागते. ही खूण बहुतेक देशांत नोंदणीच्या ठिकाणाने मिळते. व्यापारी वाद कोर्टात गेला की त्या ठिकाणाशी अनेक प्रश्न जोडले जातात. कंपनीवर दावा कुठे लावता येईल, तिला स्वतःला दावा लावण्याचा हक्क आहे का, कोणत्या देशाचा किंवा राज्याचा कायदा लागू होईल, वाद कोर्टापुढे चालेल की लवादापुढे, आणि निकाल लागल्यावर पैसे हाती पडतील का, हे ते प्रश्न. त्यांची उत्तरे एकाच ठिकाणाकडे बोट दाखवतीलच असे नाही. वकिलांचे बरेच वाद आणि पक्षकारांची बरीच निराशा यातूनच येते. सर्वसाधारणपणे इतके म्हणता येते की कंपनीच्या घरातल्या भांडणात, म्हणजे भागधारक, संचालक आणि कंपनी यांच्यातल्या वादात, नोंदणीच्या ठिकाणाची पकड घट्ट असते. बाहेरच्या ग्राहकाशी, पुरवठादाराशी किंवा अपघातग्रस्ताशी झालेल्या वादात ती बरीच सैल पडते.

भारतात सगळ्या कंपन्या एकाच केंद्रीय कायद्याखाली, सध्या कंपनी कायदा २०१३ खाली, नोंदल्या जातात. त्यामुळे महाराष्ट्रात नोंदलेली कंपनी आणि गुजरातेत नोंदलेली कंपनी यांच्या अंतर्गत कायद्यात फरक नाही. फरक पडतो तो नोंदणीकृत कार्यालय कोणत्या राज्यात आहे यामुळे. कंपनीच्या एकवीस अक्षरी ओळख क्रमांकातच राज्याची दोन अक्षरे असतात, महाराष्ट्रासाठी ‘एमएच’ आणि गोव्यासाठी ‘जीए’. हा पत्ता एखाद्या सनदी लेखापालाच्या कचेरीचा असू शकतो, कारखाना तिथून शेकडो किलोमीटर दूर असू शकतो. तरी कंपनीवर नोटीस बजावायची ती याच पत्त्यावर, आणि कंपनीच्या अंतर्गत वादाचे न्यायपीठ ठरते तेही यावरूनच.

१ जून २०१६ पासून हे अंतर्गत वाद राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात सगळे ज्याला एनसीएलटी म्हणतात तिथे, जातात. अल्पसंख्य भागधारकांवर अन्याय होतो आहे, कारभारात गैरव्यवस्था आहे, अशा तक्रारी कायद्याच्या २४१ व्या कलमाखाली नोंदणीकृत कार्यालय ज्याच्या हद्दीत येते त्याच पीठापुढे कराव्या लागतात. न्यायाधिकरणाच्या कक्षेतल्या गोष्टींत दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही, असे ४३० वे कलम सांगते. टाटा सन्सचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईतले बॉम्बे हाऊस. म्हणून सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर केल्यानंतर मिस्त्री कुटुंबाच्या गुंतवणूक कंपन्यांनी डिसेंबर २०१६ मध्ये अर्ज केला तो मुंबई पीठापुढे. पुढे तो दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणात आणि अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि मार्च २०२१ मध्ये टाटांच्या बाजूने निकाल लागला. टाटा समूहाचे कारखाने, कार्यालये आणि भागधारक जगभर असले तरी पहिला अर्ज कुठे द्यायचा याबद्दल वाद व्हायला जागाच नव्हती.

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये हेच तत्त्व आणखी पुढे नेले आहे. कंपनीविरुद्धची नादारीची कार्यवाही नोंदणीकृत कार्यालयाच्या हद्दीतल्या पीठापुढेच सुरू होते. इतकेच नव्हे, कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्या माणसाचे प्रकरणही त्याच पीठापुढे येते, मग तो हमीदार देशात कुठेही राहत असो. साध्या सहीने हमी देणाऱ्या नातेवाइकाला हे बहुधा उशिरा कळते.

कराराचा भंग, थकलेली बिले, हरवलेला माल अशा बाहेरच्या वादांचा नियम वेगळा आहे. तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २० व्या कलमात सापडतो. प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा दाव्याचे कारण जिथे पूर्णतः वा अंशतः घडले तिथे दावा लावता येतो. कंपनीच्या बाबतीत ‘धंदा करते’ म्हणजे काय, याचे स्पष्टीकरण कलमाखाली दिले आहे. कंपनी आपल्या भारतातल्या एकमेव किंवा मुख्य कार्यालयाच्या ठिकाणी धंदा करते असे मानायचे, किंवा जिथे दाव्याचे कारण घडले तिथे तिचे दुय्यम कार्यालय असेल तर त्या ठिकाणी. यातल्या ‘किंवा’वर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयात पटेल रोडवेजचा खटला गाजला. या वाहतूक कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत होते आणि तिच्या पावतीवर वाद फक्त मुंबईच्या कोर्टात चालेल असे छापलेले होते. माल सोपवला होता तामिळनाडूतल्या शाखेत. न्यायालयाने असा अर्थ लावला की कारण घडलेल्या ठिकाणीच शाखा असेल तर अधिकार त्या ठिकाणच्या कोर्टाला जातो आणि केवळ मुख्य कार्यालय आहे म्हणून मुंबईला अधिकार मिळत नाही. जिथे मुळातच अधिकार नाही तिथे तो करारानेही निर्माण करता येत नाही. त्यामुळे पावतीवरची ती ओळ निकामी ठरली. पावत्यांवर अजूनही अशा ओळी छापल्या जातात. शाखांचे जाळे असलेल्या कंपनीच्या बाबतीत त्यांचा भरवसा धरता येत नाही.

देशाची सीमा ओलांडली की चित्र बदलते, कारण आता कायदेही वेगळे असतात. कंपनीच्या घरातल्या बाबींना तिच्या नोंदणीच्या देशाचा कायदा लागू व्हावा, हे तत्त्व भारत, इंग्लंड आणि अमेरिका या तिन्ही ठिकाणी मान्य आहे. टेक्निप या फ्रेंच कंपनीचा खटला भारतात याचा उत्तम नमुना ठरला. टेक्निपने कोफ्लेक्सिप या दुसऱ्या फ्रेंच कंपनीवर ताबा मिळवला आणि त्या वाटेने मुंबईच्या सीमेक या कंपनीचे नियंत्रणही तिच्याकडे आले. भारतीय भागधारकांना खुला देकार कोणत्या तारखेच्या भावाने द्यायचा, हे ताबा नेमका केव्हा मिळाला यावर अवलंबून होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे दोन तुकडे केले. दोन फ्रेंच कंपन्यांपैकी एकीने दुसरीवर नियंत्रण कधी मिळवले हे फ्रेंच कायद्याने ठरवायचे. त्यातून भारतीय भागधारकांप्रती काय कर्तव्य निर्माण होते, ते मात्र सेबीच्या नियमांनी. एकाच खटल्यात दोन देशांचे कायदे असे शेजारी शेजारी बसतात.

उलट दिशेचे उदाहरण इंग्लंडमधले आहे. आंध्र प्रदेशातल्या वीजप्रकल्पाशी संबंधित एका भारतीय कंपनीच्या काही भागधारकांनी कंपनीच्या वतीने लंडनमध्ये रोल्स-रॉइसच्या समूहाविरुद्ध दावा लावला. कंत्राटासाठी लाच दिली गेली, असा त्यांचा आरोप होता. २००१ च्या अखेरीस इंग्लिश न्यायाधीशांनी सांगितले की भागधारकाला कंपनीच्या वतीने दावा लावण्याचा हक्क आहे का, हा केवळ प्रक्रियेचा प्रश्न नाही, तो नोंदणीच्या देशाच्या कायद्याने सुटायचा प्रश्न आहे. कंपनी भारतीय असल्याने योग्य जागा भारतच. लाचेच्या आरोपाची तपासणी तिथे झालीच नाही.

हा मुद्दा पुणे-मुंबईच्या स्टार्टअप मंडळींनाही लागू आहे. परदेशी भांडवल सोपे जावे म्हणून अनेकांनी मूळ कंपनी सिंगापूर किंवा डेलावेअरमध्ये नोंदवली आणि भारतात उपकंपनी ठेवली. पुढे संस्थापकांत फाटाफूट झाली की मूळ कंपनीतले हक्क कोणाचे, यासाठी परक्या कायद्याचे आणि महागड्या वकिलांचे दार ठोठवावे लागते. फोनपेसारख्या काही कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत आपले नोंदणीचे ठिकाण पुन्हा भारतात आणले. त्यामागे शेअर बाजारात उतरण्याचे कारण मोठे होते, पण अंतर्गत वादांचे ठिकाणही त्याबरोबर आपोआप भारतात आले.

नोंदणीच्या ठिकाणाचे महत्त्व जगात सर्वांत ठळकपणे दिसते ते अमेरिकेत. तिथे कंपनी कायदा केंद्राचा नसून राज्यांचा आहे. १८९९ मध्ये डेलावेअर या चिमुकल्या राज्याने कंपन्यांना सोयीचा कायदा केला. तेव्हा आघाडीवर असलेल्या न्यू जर्सीने १९१३ मध्ये आपले नियम कडक केले आणि कंपन्यांचा ओघ डेलावेअरकडे वळला, तो आजतागायत. कायद्याइतकेच आकर्षण तिथल्या चॅन्सरी न्यायालयाचे आहे. १७९२ मध्ये स्थापन झालेल्या या न्यायालयात ज्युरी नसते. कंपनी कायद्यात मुरलेले न्यायाधीश प्रकरण ऐकतात आणि कारणे देऊन लेखी निकाल देतात. ट्विटरचे मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोत होते, पण नोंदणी डेलावेअरची आणि विक्रीच्या करारातही तिथलाच कायदा व तिथलेच न्यायालय लिहिलेले. इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरच्या सौद्यातून पाय मागे घेतला तेव्हा कंपनीने जुलै २०२२ मध्ये तिथे दावा लावला. न्यायालयाने ऑक्टोबरमध्येच सुनावणी नेमली, आणि सुनावणी होण्याआधीच मस्क यांनी सौदा पुरा केला. आपल्याकडच्या तारखांची सवय असलेल्या वाचकाला हा वेग परीकथेतला वाटेल.

अमेरिकेत दुसरा प्रश्न असतो तो दावा राज्याच्या कोर्टात चालेल की संघीय कोर्टात हा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या ‘नागरिक’ असतील आणि दाव्याची रक्कम ७५ हजार डॉलरपेक्षा जास्त असेल तर संघीय कोर्टाचे दार उघडते. १९५८ च्या दुरुस्तीपासून कंपनी ही दोन ठिकाणची नागरिक मानली जाते: जिथे नोंदली तिथली आणि जिथे तिचे मुख्य कामकाज आहे तिथली. मुख्य कामकाज म्हणजे जिथून वरिष्ठ अधिकारी कंपनी चालवतात ते ठिकाण, असा खुलासा हर्ट्झ या मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या खटल्यात २०१० मध्ये झाला. या दुहेरी नागरिकत्वामागे एक गमतीदार इतिहास आहे. केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन गावात एका टॅक्सी कंपनीने रेल्वेशी करार करून स्टेशनवरच्या धंद्याची मक्तेदारी मिळवली होती. केंटकीची न्यायालये असा मक्ता मान्य करत नव्हती. मग मालकांनी कंपनी गुंडाळली आणि त्याच धंद्यासाठी, त्याच नावाने, शेजारच्या टेनेसी राज्यात नवी नोंदवली. आता ती ‘परराज्यातली’ झाली आणि प्रतिस्पर्धी टॅक्सीवाल्याविरुद्ध संघीय कोर्टात गेली. तिथे त्या काळी राज्याच्या निकालांऐवजी सर्वसाधारण तत्त्वे लावली जात. १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती होम्स यांनी त्याला कडाडून विरोध नोंदवला, आणि दहाच वर्षांत, १९३८ च्या एरी रेल्वेमार्गाच्या खटल्यात, न्यायालयाने ती विचारसरणीच मोडीत काढली. कागदावरची नोंदणी हलवून निकाल फिरवण्याचा इतका उघड प्रकार पुन्हा क्वचितच पाहायला मिळाला.

तिसरा अमेरिकी प्रश्न सर्वांत व्यवहारी आहे: कंपनीला कोणत्या राज्यात कोर्टात खेचता येते? एखाद्या राज्यातल्या व्यवहारातूनच दावा निघाला असेल तर तिथे खेचता येतेच. पण वादाचा त्या राज्याशी काहीच संबंध नसेल तर? २०११ च्या गुडइयर आणि २०१४ च्या डेमलर या निकालांनी सांगितले की अशा कोणत्याही वादासाठी कंपनीला फक्त ती जिथे ‘घरी’ आहे तिथेच उभे करता येते, आणि घर म्हणजे सामान्यतः नोंदणीचे राज्य आणि मुख्य कामकाजाचे राज्य. अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीच्या काळातले अत्याचार, जर्मन कंपनी आणि कॅलिफोर्नियाचे कोर्ट, असा डेमलरचा मेळ होता; तो न्यायालयाने फेटाळला. मात्र २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी एक फट उघडली. धंद्याच्या परवान्यासाठी नोंदणी करतानाच कंपनी सर्व दाव्यांना संमती देते, असा पेन्सिल्व्हेनियाचा कायदा आहे. नॉरफोक सदर्न रेल्वेच्या खटल्यात तो संविधानाशी विसंगत नाही असे ठरले.

संचालकांना नोंदणीच्या राज्यात खेचता येते का, हा याचाच पोटप्रश्न. ग्रेहाउंड ही बसकंपनी डेलावेअरमध्ये नोंदलेली, तिचे कामकाज अ‍ॅरिझोनातून चाले. एकच शेअर असलेल्या भागधारकाने डेलावेअरमध्ये दावा लावून संचालकांचे शेअर जप्त करवले. कंपनी तिथली म्हणून तिचे शेअरही तिथलेच, असा तर्क त्यामागे होता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. डेलावेअरच्या विधिमंडळाने काही आठवड्यांतच कायदा करून टाकला की तिथल्या कंपनीचे संचालकपद स्वीकारणे म्हणजे त्या नात्याने होणाऱ्या दाव्यांसाठी तिथल्या न्यायालयाला संमती देणे.

मूळ कंपनी एका देशात आणि नुकसान दुसऱ्या देशात, अशा दाव्यांत नोंदणीच्या ठिकाणाची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. भोपाळच्या कारखान्याची मालक युनियन कार्बाइड इंडिया ही भारतीय कंपनी होती. तिचे ५०.९ टक्के शेअर अमेरिकेतल्या युनियन कार्बाइडकडे होते आणि ही मूळ कंपनी न्यूयॉर्क राज्यात नोंदलेली होती. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीनंतर अमेरिकेत दावे दाखल झाले, भारत सरकारचाही त्यात होता. प्रतिवादी तिथलाच असल्याने अधिकाराचा प्रश्न नव्हता. तरीही न्यायाधीश जॉन कीनन यांनी मे १९८६ मध्ये, साक्षीदार, पुरावे आणि पीडित भारतात आहेत म्हणून भारत ही अधिक सोयीची जागा असे ठरवून दावे बाहेर काढले. पुढे १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. अमेरिकी ज्युरीने किती भरपाई दिली असती हा प्रश्न त्यानंतर अनेकदा विचारला गेला, आणि त्याचे उत्तर कोणालाच देता आलेले नाही.

इंग्लंडने काही काळ वेगळी वाट धरली होती. युरोपीय महासंघाच्या नियमांनुसार प्रतिवादीचे ठिकाण इंग्लंड असेल तर दुसरा देश अधिक सोयीचा आहे म्हणून दावा थांबवता येत नव्हता. झांबियातल्या तांब्याच्या खाणीतून नदीचे पाणी दूषित झाले म्हणून सुमारे १,८०० गावकऱ्यांनी वेदांत रिसोर्सेस या लंडनमध्ये नोंदलेल्या मूळ कंपनीला तिथे कोर्टात उभे केले, आणि झांबियातल्या उपकंपनीलाही तिच्यामागोमाग ओढले. एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा चालू दिला. भारतात वाढलेल्या उद्योगसमूहाने प्रतिष्ठेसाठी आणि भांडवलासाठी लंडनची नोंदणी घेतली होती. त्या नोंदणीबरोबर लंडनचे कोर्टही आले. ब्रिटन महासंघाबाहेर पडल्यावर सोयीच्या जागेचा मुद्दा तिथे पुन्हा जिवंत झाला आहे.

नोंदणीच्या ठिकाणावर दावा लावण्याचा हक्कही अवलंबून असू शकतो. भारतात व्यवसायाचे ठिकाण उघडणाऱ्या परदेशी कंपनीने तीस दिवसांत निबंधकाकडे कागदपत्रे द्यायची असतात. ती दिली नाहीत तर तिच्यावर दावा लावता येतो, पण पूर्तता होईपर्यंत तिला स्वतःला लावता येत नाही, अशी एकतर्फी शिक्षा ३९३ व्या कलमात आहे. जर्मनीत नियम आणखी कठोर होता. तिथे कंपनीचा खरा कारभार जिथून चालतो त्या देशाचा कायदा तिला लागू समजत. इबरझेरिंग ही नेदरलँड्समध्ये नोंदलेली कंपनी. तिने ड्युसेलडॉर्फमधल्या सदोष बांधकामाबद्दल दावा लावला. पण दरम्यान तिचे सगळे शेअर दोन जर्मन रहिवाशांकडे गेले होते. कारभार जर्मनीत आला आणि जर्मन पद्धतीने नोंदणी नाही, म्हणून जर्मन न्यायालयांनी तिला दावा लावण्याइतकेही अस्तित्व मानले नाही. ५ नोव्हेंबर २००२ रोजी युरोपीय न्यायालयाने हे चूक ठरवले: एका सदस्य देशात रीतसर जन्मलेल्या कंपनीचे अस्तित्व दुसऱ्याने मान्य केलेच पाहिजे. सरकारांमधल्या वादात १९७० चा बार्सिलोना ट्रॅक्शन खटला याच धर्तीचा आहे. कंपनी कॅनडात नोंदलेली, धंदा स्पेनमध्ये, बहुसंख्य भागधारक बेल्जियन. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी बेल्जियमला दाद मागण्याचा हक्क नाकारला, कारण कंपनीला झालेल्या नुकसानीबद्दल बोलायचे तर कॅनडाने बोलायचे.

लवादातही हीच खूण कामी येते. भारताच्या १९९६ च्या लवाद कायद्यात एक पक्ष परदेशात नोंदलेली कंपनी असेल तर व्यापारी लवाद ‘आंतरराष्ट्रीय’ ठरतो. तसे झाले की लवाद नेमण्याचा अर्ज उच्च न्यायालयाऐवजी सर्वोच्च न्यायालयात जातो, आणि निवाड्यावर आक्षेपाची कारणेही कमी होतात. भारतात नोंदलेली कंपनी परदेशातून चालवली जात असली तरी ती भारतीयच, असे २००८ मध्ये टीडीएम इन्फ्रास्ट्रक्चरच्या प्रकरणात ठरले. मुंबईच्या मोनोरेलचा वाद अधिक गुंतागुंतीचा होता. काम लार्सन अँड टुब्रो आणि मलेशियाची स्कोमी इंजिनिअरिंग यांच्या संघाकडे होते आणि समोर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए. स्कोमी परदेशी असल्याने लवाद आंतरराष्ट्रीय, असा संघाचा युक्तिवाद. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाहिले की करार संघाशी झाला होता आणि संघ ही स्वतंत्र नोंदणी नसलेली संघटना होती. तिच्या बाबतीत नोंदणी नाही तर मध्यवर्ती नियंत्रण कुठून होते ते पाहायचे, आणि अग्रणी भागीदार मुंबईतली लार्सन अँड टुब्रो. लवाद देशी ठरला आणि अर्ज फेटाळला गेला.

जेट एअरवेजच्या नादारीत दोन देशांची न्यायालये आमनेसामने आली. कंपनी भारतीय, पण तिचे एक विमान अ‍ॅमस्टरडॅमला अडकवले गेले आणि मे २०१९ मध्ये डच न्यायालयाने तिला दिवाळखोर जाहीर करून आपला विश्वस्त नेमला. जूनमध्ये एनसीएलटीच्या मुंबई पीठाने डच कार्यवाही निरर्थक ठरवली. सप्टेंबरमध्ये अपील न्यायाधिकरणाने शहाणपणाचा मार्ग काढला. दोन्ही बाजूंच्या प्रशासकांनी सहकार्याचा लेखी करार केला, त्यात भारत हे कंपनीच्या हितसंबंधांचे मुख्य केंद्र मानले गेले आणि डच विश्वस्ताला दुय्यम स्थान मिळाले. सीमापार नादारीचा सविस्तर कायदा नसताना हे घडले, हे विशेष.

वाद सुरू असताना कंपनीने नोंदणीच हलवली तर? डेलावेअरच्या चॅन्सरी न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये टेस्लातले मस्क यांचे मोबदल्याचे पॅकेज रद्द केले. त्या दाव्याचा वादी फक्त नऊ शेअरचा धनी होता. जूनमध्ये भागधारकांनी कंपनी टेक्सासमध्ये नेण्याला मंजुरी दिली. चालू दावा मात्र हलला नाही. तो डेलावेअरमध्येच राहिला आणि अपीलही तिथल्याच सर्वोच्च न्यायालयात गेले. बदल पुढच्या दाव्यांसाठी झाला. २०२५ च्या टेक्सास कायद्याने तिथल्या सूचिबद्ध कंपन्यांना मुभा दिली की भांडवलाच्या तीन टक्क्यांपर्यंत शेअर असल्याशिवाय कंपनीच्या वतीने दावा लावता येणार नाही, अशी अट त्या घालू शकतात. टेस्लासारख्या कंपनीत तीन टक्के म्हणजे अब्जावधी डॉलर. नऊ शेअरवाल्याला तिथे दारच नाही.

शेवटी वसुली. नोंदणीमुळे दावा ज्या देशात गेला तिथला हुकूमनामा मालमत्ता असलेल्या देशात चालायला हवा. ब्रिटन, सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिराती या देशांतल्या वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४ अ कलमाखाली भारतीय जिल्हा न्यायालयात थेट अंमलात आणता येतात, १३ व्या कलमातल्या आक्षेपांतून ते तरले तर. अमेरिका या यादीत नाही. डेलावेअरमध्ये जिंकलेल्या वादीला भारतातल्या मालमत्तेला हात घालण्यासाठी त्या निकालाच्या आधारे इथे नव्याने दावा लावावा लागतो, आणि त्यासाठी मुदत असते तीन वर्षांची.